धोनीला धोनीचाच नियम लावा

नगरपालिकेच्या निवडणुका लागल्यात, अर्ज भरायचे दिवस आहेत, कोणाला तिकीट आणि कोणाचा पत्ता कट यापलीकडे टपरीवर दुसरा विषय नाही, आणि हा माणूस धोनीवर पोस्ट टाकतोय! असं काही जण म्हणणार. म्हणू द्या. शेवटपर्यंत वाचलंत तर विषय फार लांबचा नाही हे कळेल.

१५ नोव्हेंबर २०२५ पर्यंत आयपीएलच्या संघांना कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं याची यादी द्यायची होती. चेन्नई सुपर किंग्जच्या व्यवस्थापनाकडून सांगण्यात आलं होतं की धोनी २०२६ च्या हंगामासाठी उपलब्ध आहे. तेव्हा त्याचं वय ४४ होतं. जुलै २०२६ मध्ये ४५ पूर्ण होणार होती. बातमी आल्यापासून सगळे ग्रुप नुसते पिवळे झालेत.

माझं मत सरळ सांगतो. चेन्नईने धोनीला खेळाडू म्हणून ठेवू नये.

शिव्या सुरू करण्याआधी दोन गोष्टी ऐका. एक, मी क्रीडा पत्रकार नाही, तालुक्याचा वार्ताहर आहे. पाणीटंचाई, पीकविमा आणि पालिकेच्या सभा हे माझं रोजचं काम. दुसरी, मी धोनीचा विरोधक नाही. २ एप्रिल २०११ च्या रात्री आपल्या चौकात जे फटाके वाजले त्यात माझ्या पैशांचेही होते. धोनी मोठा खेळाडू आहे का, यावर ही पोस्ट नाही. त्यात वादच नाही. संघाच्या अकरा जागांपैकी एक जागा आजही त्याचीच आहे का, एवढाच प्रश्न आहे.

आधी आकडे बघू. २०२५ च्या हंगामात चेन्नई १४ पैकी ४ सामने जिंकली आणि गुणतक्त्यात दहावी आली. पाच वेळा विजेता ठरलेला हा संघ तळाला जाण्याची ही पहिलीच वेळ. चेपॉक म्हणजे त्यांचा किल्ला, तिथे सलग पाच सामने हरले. बंगळुरूने तिथे २००८ नंतर पहिल्यांदा सामना जिंकला. धोनीने सगळ्या हंगामात १९६ धावा केल्या, स्ट्राइक रेट १३५ च्या आसपास. शेवटच्या षटकांत येणाऱ्या फलंदाजासाठी हा आकडा आजच्या आयपीएलमध्ये साधारण आहे, साधारणाच्या थोडा खालीच.

आकड्यांपेक्षा दोन सामने आठवा. २८ मार्चला बंगळुरूविरुद्ध १९७ धावांचं लक्ष्य होतं. धोनी कितव्या क्रमांकावर आला? नवव्या. अश्विनच्याही नंतर. १६ चेंडूंत नाबाद ३० केल्या, स्टेडियम नाचलं, आणि चेन्नई ५० धावांनी हरली. मग ५ एप्रिलला दिल्लीविरुद्ध तो लवकर आला, अकराव्या षटकात. जो फिनिशर फिनिशर म्हणून आपण ऐकत आलो त्याच्यासाठी हा सामना बांधून ठेवला होता. त्याने २६ चेंडूंत नाबाद ३० केल्या आणि चेन्नई २५ धावांनी हरली. म्हणजे उशिरा आला तर सामना आधीच गेलेला, आणि लवकर आला तर पूर्वीसारखा ओढता येत नाही.

हे मी म्हणतोय असं नाही. प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंगने त्याच हंगामात पत्रकारांसमोर सांगितलं होतं की धोनीचे गुडघे पूर्वीसारखे राहिले नाहीत, पूर्ण जोर लावून दहा षटकं धावत फलंदाजी करणं त्याला शक्य नाही. २०२३ चं विजेतेपद मिळाल्यावर लगेच त्याच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती. त्या गुडघ्यावर हा माणूस २०२५ मध्येही वीस षटकं यष्टीमागे उठबस करत होता, त्याला दंडवत. पण दंडवत घालणं वेगळं आणि जागा देणं वेगळं.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेऊ, कारण तेही अगदीच पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा, "चार कोटींत धोनी मिळतोय, सोडायचा कशाला?" खरं आहे, २०२५ च्या हंगामासाठी ऋतुराज आणि जडेजाला प्रत्येकी १८ कोटी, पथिरानाला १३, दुबेला १२ आणि धोनीला फक्त ४ होते. पण चार कोटी कसे झाले ते आठवा. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला 'अनकॅप्ड' धरायचं, हा जुना नियम २०२१ नंतर काढला होता. तो २०२४ मध्ये परत आणला. धोनीचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना जुलै २०१९ चा, बरोबर बसतं. राजस्थाननेही याच नियमाने संदीप शर्माला ठेवलं, त्यामुळे नियम एकट्यासाठी होता असं मी म्हणणार नाही. पण भारताला दोन विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार कागदावर 'अनकॅप्ड' म्हणून नोंदवला जातो, यात कोणाचा मान वाढला हे मला कोणीतरी समजावून सांगा.

आणि खरी किंमत चार कोटी नाहीच. खरी किंमत आहे अकरातली एक जागा आणि यष्टीमागचे ग्लोव्हज. पैसा दरवर्षी नव्याने येतो. एखाद्या पोराचं विसावं-बाविसावं वर्ष परत येत नाही.

दुसरा मुद्दा, "यष्टीमागे तो आजही सगळ्यांत चपळ आहे." मान्य. मुंबईविरुद्ध सूर्यकुमारला नूर अहमदच्या चेंडूवर ज्या वेगाने यष्टिचीत केलं ते बघून मीही उठून उभा राहिलो. १४ एप्रिलला लखनौविरुद्ध ११ चेंडूंत नाबाद २६ करून सामनावीरही झाला, त्रेचाळिसाव्या वर्षी! पण हंगाम चौदा सामन्यांचा असतो. एक संध्याकाळ जुनी आठवण ताजी करून देते म्हणून उरलेल्या तेरा संध्याकाळींचा हिशोब कोणी विचारायचाच नाही का?

तिसरा मुद्दा, "लोक धोनीला बघायला येतात." हा सगळ्यांत वजनदार मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत घातक. जडेजाने २०२३ मध्ये हसत हसत सांगितलं होतं की मी वर खेळायला गेलो तर लोक मी बाद होण्याची वाट बघतात. त्यात हसण्यासारखं काय आहे? स्वतःच्या संघाची विकेट पडल्यावर स्वतःचं स्टेडियम जल्लोष करतं, असा जगात दुसरा कुठला संघ आहे? त्या जल्लोषात बॅट काखेत घालून परत येणाऱ्या तरुण खेळाडूच्या मनाचं काय होत असेल? व्यक्ती संस्थेपेक्षा मोठी झाली की असंच होतं. संस्था हरली तरी चालते, पण दर्शन झालं पाहिजे. खेळाचं मैदान राहत नाही, देऊळ होतं. देवळात कोणी गुणतक्ता विचारत नाही.

चौथा मुद्दा, "कधी थांबायचं ते माहीला कळतं, त्याला ठरवू द्या." मे २०२५ मध्ये शेवटच्या सामन्यानंतर तो म्हणाला होता की ठरवायला चार-पाच महिने आहेत, घाई नाही. खेळायचं की नाही हे ठरवायचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पण संघात घ्यायचं की नाही हा निर्णय खेळाडूचा कधीपासून झाला? त्यासाठी मालक आहेत, प्रशिक्षक आहेत, निवडीला माणसं आहेत. धोनीच्या निवृत्तीची जबाबदारी धोनीवरच ढकलून हे सगळे हात झटकून मोकळे झालेत.

आणि इथेच मला मूळ गोष्ट सांगायची आहे. धोनी स्वतः कर्णधार होता तेव्हा काय करत होता?

२००८ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या तिरंगी मालिकेसाठी एकदिवसीय संघ निवडला गेला. त्यात गांगुली नव्हता, द्रविडही नव्हता. गांगुलीने २००७ मध्ये एकदिवसीय सामन्यांत हजारावर धावा काढल्या होत्या, म्हणजे फॉर्मचाही प्रश्न नव्हता. नव्या कर्णधाराला तरुण, मैदानात पळणारा संघ हवा होता हे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. बंगालात केवढा गदारोळ झाला! पण त्या तरुण संघाने अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात २-० असं हरवलं.

२०१२ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलिया, पुन्हा तिरंगी मालिका. विश्वचषक जिंकून वर्षही झालं नव्हतं. तेव्हा धोनीने सचिन, सेहवाग आणि गंभीर यांना आळीपाळीने बाहेर बसवलं. कारणही पत्रकारांसमोर सांगितलं की तिघे एकदम खेळले तर क्षेत्ररक्षण संथ होतं, वीसेक धावा जास्त जातात. लक्षात घ्या, तेव्हा सचिन नव्व्याण्णव शतकांवर होता. सगळा देश शंभराव्याची वाट बघत होता. तरीही धोनीने तिकिटं खपतील का, लोक नाराज होतील का, हा विचार केला नाही. वीस धावा मोजल्या.

सचिनसाठी वीस धावा मोजणाऱ्या माणसाच्या संघात आज त्याच्यासाठी कोणी काही मोजतंय का?

स्वतःच्या बाबतीतही तो असाच होता. डिसेंबर २०१४ मध्ये मेलबर्नची कसोटी संपली आणि मालिका अर्धवट असताना त्याने कसोटीतून निवृत्ती जाहीर केली. शंभर कसोट्यांना दहाच कमी होत्या. निरोपाचा सामना नाही, भाषण नाही. २०१७ च्या सुरुवातीला कर्णधारपद विराटकडे सोपवून त्याच्या हाताखाली खेळला. १५ ऑगस्ट २०२० ला इन्स्टाग्रामवर एक पोस्ट टाकली, विषय संपला. ज्या माणसाने खुर्ची सोडायचं शिक्षण अख्ख्या देशाला दिलं, त्यालाच आज त्याचे भक्त खुर्चीला बांधून ठेवतायत.

आपल्या महाराष्ट्रातलाच एक दाखला देतो, लोक विसरले असतील. चेन्नईवर दोन वर्षांची बंदी होती तेव्हा धोनी पुण्याकडून खेळत होता. २०१६ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणे सातवं आलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्याच्या मालकांनी त्याला कर्णधारपदावरून काढलं आणि स्टीव्ह स्मिथला आणलं. तेव्हा आपण काय कमी शिव्या घातल्या त्यांना? पण झालं काय? पुणे थेट अंतिम फेरीत गेलं आणि मुंबईकडून फक्त एका धावेने हरलं. अंतिम फेरीत नेणाऱ्या वानखेडेवरच्या सामन्यात २६ चेंडूंत नाबाद ४० कोणी केल्या? धोनीनेच. कर्णधारपद गेल्याने तो लहान झाला नाही, आणि निर्णय घेतल्याने पुणेही बुडालं नाही. अवघड निर्णय घेता येतो. फक्त तो घेणारा माणूस लागतो.

चेन्नईत तो माणूस नाही. २०२२ मध्ये जडेजाला कर्णधार केलं, आठ सामन्यांत कर्णधारपद पुन्हा धोनीकडे. २०२४ मध्ये आपल्या पुण्याच्या ऋतुराजकडे दिलं, २०२५ मध्ये त्याचं कोपर दुखावलं आणि पुन्हा धोनीकडे. दुखापतीत ऋतुराजचा दोष नव्हता. पण तो धडधाकट असतानाही कॅमेरा कोणाकडे वळायचा? प्रत्येक रिव्ह्यूच्या वेळी गोलंदाज कोणाकडे बघायचा? मागे यष्टीपाशी माजी सरपंच उभा असताना नव्या सरपंचाने ग्रामसभा चालवायची, असा तो प्रकार आहे. ऋतुराज चांगला कर्णधार आहे की वाईट, हे आपल्याला आजवर नीट कळलेलंच नाही. कळायची संधीच मिळाली नाही.

पोरांचं काय झालं तेही बघा. विरारचा आयुष म्हात्रे, तेव्हा वय १७, मूळ संघात नव्हता. ऋतुराज जखमी झाला म्हणून बदली खेळाडू म्हणून आला. वानखेडेवर पदार्पणात १५ चेंडूंत ३२, मग बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. गुजरातचा उर्विल पटेल यष्टिरक्षक-फलंदाज, तोही बदली म्हणूनच आला, आल्या आल्या कोलकात्याविरुद्ध ११ चेंडूंत ३१. डेवाल्ड ब्रेविसही असाच मधे आला. ही पोरं दारातून आत आलीच नाहीत, कोणी जखमी झालं म्हणून खिडकीतून आली. आणि उर्विलने यष्टिरक्षण करायचं म्हटलं तर ग्लोव्हज कोणाच्या हातात होते, हे वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चर्चा अशी होती की संजू सॅमसनला घेण्यासाठी जडेजाला राजस्थानला द्यायचं. त्याचं गणित बघा. २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंत दहा धावा काढून चषक आणणारा, तेव्हा ३६ वर्षांचा, गोलंदाजी-फलंदाजी-क्षेत्ररक्षण तिन्ही करणारा जडेजा जाणार होता. यष्टिरक्षक संजू येणार होता. आणि ४४ वर्षांचा यष्टिरक्षक होता तिथेच राहणार होता. हे कुठल्या हिशोबात बसतं? भावनेवर निर्णय घेतोय म्हणाल, तर मग जडेजावर भावना नाही का? की भावना फक्त सात नंबरच्या जर्सीलाच असते?

इंग्लंडकडे बघा. जेम्स अँडरसन, ७०४ कसोटी बळी, जगात कुठल्याही वेगवान गोलंदाजाने एवढे घेतलेले नाहीत. २०२४ मध्ये त्याला प्रशिक्षकांनी समोर बसवून सांगितलं की आम्ही पुढचा विचार करतोय. त्याला ते आवडलं नाही, लपवलंही नाही. जुलैमध्ये लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजविरुद्ध त्याचा शेवटचा सामना झाला. त्याच सामन्यात गस अ‍ॅटकिन्सन नावाच्या गोलंदाजाचं पदार्पण होतं. त्याने किती बळी घेतले? बारा! अँडरसन तेव्हा ४१ वर्षांचा होता, अजून वर्षभर चालला असता. पुढे तो लँकेशायरकडून खेळतच राहिला. पण देशाच्या संघाने उद्याचा माणूस आज शोधायचा असतो, आणि तो शोधण्यासाठी जागा मोकळी करावी लागते. इंग्लंडने त्याला हाकलूनही दिलं नाही. शेवटच्या सामन्यानंतर लगेच त्याच संघाच्या गोलंदाजांना शिकवायला ठेवलं.

चेन्नईनेही तेच करावं. धोनीला डगआउटमध्ये बसवा. मेंटॉर करा, जे म्हणाल ते पद द्या. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारतीय संघाचा मेंटॉर म्हणून तो गेलाच होता. तेव्हा आपण पहिल्याच टप्प्यात बाहेर पडलो हेही खरं, जादूची कांडी कोणाकडेच नसते. पण सामना वाचायची त्याची नजर गुडघ्याबरोबर म्हातारी झालेली नाही. ती नजर ऋतुराजच्या, म्हात्रेच्या, उर्विलच्या कामी येऊ दे. चेपॉकवर एक सामना ठेवा, मानाने निरोप द्या, सात नंबर कायमचा त्याच्या नावावर ठेवा. मी स्वतः चेन्नईचं तिकीट काढून जाईन.

आता आपल्या गावाकडे येतो, म्हटलं होतं ना विषय लांबचा नाही.

या आठवड्यात आपल्याकडेही याद्या बनतायत. तीच नावं आहेत. पतसंस्था घ्या, बाजार समिती घ्या, गणेश मंडळ घ्या, टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणारी समिती घ्या. "त्यांच्याशिवाय चालणार नाही", "लोक त्यांच्याकडे बघून येतात", "कधी थांबायचं ते त्यांनाच ठरवू द्या". शब्द तेच आहेत, फक्त जर्सीचा रंग वेगळा. आणि प्रत्येक ठिकाणी मागच्या बाकावर तिशी-पस्तिशीचं कोणीतरी वर्षानुवर्षं सतरंज्या उचलतंय, "पुढच्या वेळी तुझं बघू" ऐकत. त्या पोराचं नाव आपल्याला माहीत नाही, कारण त्याला कधी बॅटिंगच मिळाली नाही.

फरक एवढाच की आपल्या गावातल्या बहुतेकांनी धोनीच्या एक शतांशही काही जिंकलेलं नाही. म्हणूनच धोनीची गोष्ट महत्त्वाची आहे. पाच चषक जिंकून देणाऱ्यालाही संस्था एक दिवस नम्रपणे "आता बाहेर बसा" म्हणू शकते, हे लोकांना दिसलं, तर एकही चषक न जिंकलेल्यांना ते म्हणायची आपल्यालाही हिंमत येईल. आणि धोनीलाही कोणी म्हणू शकत नसेल, तर आपले सभापती कशाला उठतील?

कृतज्ञता म्हणजे माणसाला जागेवर चिकटवून ठेवणं नाही. त्याने जे शिकवलं ते पाळणं ही कृतज्ञता. धोनीने शिकवलं की नाव बघू नका, आज मैदानात किती धावा वाचतात ते बघा. चेन्नईने एवढं एकदाच करावं. २०१२ चा कर्णधार धोनी खुर्चीत बसवावा, त्याच्यासमोर २०२५ च्या यष्टिरक्षक धोनीचे आकडे ठेवावेत, आणि त्याला विचारावं, याला घेऊ का?

तो काय म्हणेल ते तुम्हालाही माहीत आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, पण मुद्द्यावर बोला. "तू कधी बॅट धरलीस का" हा मुद्दा नाही. आणि हो, ज्यांना शेवटचे तीन-चार परिच्छेद स्वतःवर आहेत असं वाटलं, त्यांनी फोन करू नये. अर्ज मागे घ्यायची मुदत अजून आहे.